घटसर्पाने हिरावलेला राजा : म्हैसूरचे दहावे चामराजेंद्र वाडियार

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वसाहत तिच्या बसवण्णा मंदिरासाठी, कार्तिक महिन्यातील शेंगदाण्याच्या जत्रेसाठी आणि गांधी बाजारासाठी प्रसिद्ध आहे. या वसाहतीतून जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याला वाणी विलास रस्ता असे नाव आहे. तिच्या उत्तरेस लागूनच चामराजपेठ आहे. ही दोन नावे एका दांपत्याची आठवण सांगतात. चामराजपेठ म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाने १८९२ मध्ये वसली. वाणी विलास हा त्यांच्या पत्नी महाराणी केंपनंजम्मण्णी यांचा किताब. या दोन नावांच्या मध्ये एका आजाराचा इतिहास दडलेला आहे. घशात आणि तोंडात पडदा धरणाऱ्या घटसर्प या संसर्गाने १८९४ च्या अखेरीस महाराजांचा बळी घेतला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते.

घटसर्पावरील परिणामकारक औषध त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम तीन महिने आधी, जगापुढे आले होते. त्यामुळे चामराजेंद्रांचे जीवनचरित्र हा केवळ एका संस्थानिकाचा इतिहास राहत नाही. वैद्यकशास्त्राच्या दोन युगांच्या सीमेवर उभ्या असलेल्या एका तरुण राज्यकर्त्याची ती कहाणी आहे.

दत्तक पुत्र ते महाराज

चामराजेंद्र यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८६३ रोजी म्हैसूर येथे झाला. राजघराण्याच्या बेट्टदकोटे शाखेतील सरदार चिक्क कृष्णराज अरसू हे त्यांचे जन्मदाते. म्हैसूरचे तत्कालीन महाराज तिसरे कृष्णराज वाडियार यांना औरस वारस नव्हता. त्यांनी १८६५ मध्ये या बालकाला दत्तक घेतले.

त्या काळी म्हैसूर राज्याची स्थिती विचित्र होती. ब्रिटिश सरकारने १८३१ मध्ये राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला होता आणि महाराज नावापुरतेच राजे उरले होते. वृद्ध कृष्णराजांनी राज्य परत मिळावे म्हणून अनेक वर्षे पाठपुरावा केला. दत्तकविधान मान्य होणार की राज्य खालसा होणार, हा प्रश्न लंडनपर्यंत गाजला. अखेर १८६७ मध्ये ब्रिटिश सरकारने दत्तकाला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, मार्च १८६८ मध्ये, कृष्णराजांचे निधन झाले आणि २३ सप्टेंबर १८६८ रोजी पाच वर्षांच्या चामराजेंद्रांना गादीवर बसविण्यात आले.

बालराजाच्या शिक्षणाची जबाबदारी कर्नल मॅलेसन यांच्यावर सोपविण्यात आली. १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिणारे म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले हेच मॅलेसन. इंग्रजी शिक्षणाबरोबर संस्कृत, कन्नड, अश्वारोहण आणि संगीत यांचे धडेही राजपुत्राला मिळाले. बंगळुरूतील त्यांच्या वास्तव्यासाठी १८७३ मध्ये एक इमारत खरेदी करण्यात आली. तीच आजचा बंगळुरू राजवाडा. १८७८ मध्ये त्यांचा विवाह केंपनंजम्मण्णी यांच्याशी झाला. तेव्हा वर १५ वर्षांचा आणि वधू साधारण १२ वर्षांची होती.

दुष्काळाच्या छायेत राज्यारोहण

महाराज वयात येत असतानाच राज्यावर भीषण संकट कोसळले. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खन आणि म्हैसूर उद्ध्वस्त केले. १८७१ च्या जनगणनेत म्हैसूरची लोकसंख्या ५० लाखांहून अधिक होती. १८८१ च्या जनगणनेत ती सुमारे ४२ लाखांवर आली. एवढी मोठी घट क्वचितच एखाद्या राज्याने पाहिली असेल. दुष्काळनिवारणाच्या खर्चामुळे राज्यावर ब्रिटिश सरकारचे सुमारे ८० लाख रुपयांचे कर्ज झाले होते.

अशा स्थितीत २५ मार्च १८८१ रोजी म्हैसूर येथे झालेल्या समारंभात राज्याची सूत्रे १८ वर्षांच्या चामराजेंद्रांकडे सोपविण्यात आली. ५० वर्षांनंतर म्हैसूरला पुन्हा आपला राजा मिळाला. इतिहासात ही घटना राज्यप्रत्यर्पण म्हणून ओळखली जाते. रंगाचार्लू हे पहिले दिवाण झाले. त्यांच्या सल्ल्याने महाराजांनी त्याच वर्षी प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी दसऱ्याच्या सुमारास १४४ सदस्यांची ही सभा प्रथम भरली. सभेला कायदे करण्याचा अधिकार नव्हता. तथापि राज्याचा जमाखर्च प्रजेच्या प्रतिनिधींपुढे वाचून दाखवावा आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकून घ्यावीत, ही कल्पनाच त्या काळातील संस्थानांत नवी होती. भारतीय राष्ट्रीय सभेची स्थापना त्यानंतर चार वर्षांनी झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलाचे महत्त्व कळते.

रंगाचार्लूंचे १८८३ मध्ये निधन झाले आणि शेषाद्री अय्यर दिवाण झाले. पुढील अकरा वर्षांत लोहमार्ग वाढले, तलाव आणि कालव्यांची कामे झाली आणि कोलारच्या सोन्याच्या खाणी भरभराटीला आल्या. राज्याची आर्थिक घडी बसली.

शिक्षण, कला आणि समाजसुधारणा

चामराजेंद्रांची ओळख केवळ काटकसरी कारभारापुरती मर्यादित नव्हती. मुलींच्या शिक्षणासाठी म्हैसूर येथे १८८१ मध्ये सुरू झालेल्या महाराणी कन्याशाळेला राजघराण्याचा सक्रिय आश्रय होता. महाराजांचे शिक्षक राहिलेले नरसिंह अय्यंगार यांनी या शाळेसाठी परिश्रम घेतले. प्रतिष्ठित घरांतील मुलींनी शाळेत यावे, यासाठी राजवाड्याचा पाठिंबा मोलाचा ठरला. १८९१ मध्ये म्हैसूर येथे प्राच्य ग्रंथालय उभे राहिले आणि संस्कृत व कन्नड हस्तलिखितांचे जतन सुरू झाले. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ मधील. तेही आज चामराजेंद्रांच्याच नावाने ओळखले जाते.

महाराज स्वतः संगीताचे जाणकार होते. वीणावादक शेषण्णा यांच्यासारखे कलावंत त्यांच्या दरबारात होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या नाटक मंडळीमुळे कन्नड व्यावसायिक रंगभूमीला बळ मिळाले. या मंडळीसाठी बसप्पशास्त्री यांनी कालिदासाचे शाकुंतल कन्नडमध्ये आणले. मराठी वाचकाला येथे किर्लोस्करांच्या शाकुंतलाची आठवण व्हावी. १८८० मध्ये पुण्यात जे घडले, त्याच दशकात म्हैसूरमध्येही त्याच नाटकाने नव्या रंगभूमीचे दार उघडले.

स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात म्हैसूरला आले, तेव्हा महाराजांनी त्यांचे आतिथ्य केले. शिकागो येथील सर्वधर्म परिषदेसाठी झालेल्या स्वामींच्या प्रवासाला साहाय्य करणाऱ्यांत म्हैसूर दरबाराचा समावेश होतो. अमेरिकेतून स्वामींनी महाराजांशी पत्रव्यवहारही ठेवला होता.

महाराजांच्या अखेरच्या वर्षातील एक निर्णय विशेष उल्लेखनीय आहे. १८९४ मध्ये म्हैसूर राज्याने बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. आठ वर्षांखालील मुलींचे विवाह आणि १४ वर्षांखालील मुलींशी ५० वर्षांवरील पुरुषांचे विवाह त्याने दंडनीय ठरविले. अवघ्या तीन वर्षांपूर्वी संमतिवयाच्या प्रश्नावरून पुण्या-मुंबईत केवढे वादळ उठले होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या पार्श्वभूमीवर एका भारतीय राजाने स्वतःहून असा कायदा करणे धाडसाचे होते.

घटसर्प म्हणजे काय

मुख आणि घसा हे शरीराचे प्रवेशद्वार आहे. अन्न, पाणी आणि श्वास यांबरोबर असंख्य जंतूही याच वाटेने आत येतात. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. त्यांत कंठाच्या रोगांमध्ये रोहिणी नावाच्या रोगाचे वर्णन येते. घशात मांसांकुर वाढून श्वास कोंडतो आणि रुग्ण दगावतो, असे त्याचे स्वरूप आहे. अनेक अभ्यासक या रोगाचे घटसर्पाशी साम्य दाखवितात.

घटसर्पाची सुरुवात साधी असते. घसा दुखतो, बारीक ताप येतो, गिळताना त्रास होतो. दोन-तीन दिवसांत टॉन्सिल, पडजीभ आणि टाळू यांवर करड्या-पांढऱ्या रंगाचा चिवट पडदा दिसू लागतो. कधी तो नाकात किंवा स्वरयंत्रातही पसरतो. हा पडदा खरवडण्याचा प्रयत्न केल्यास रक्त येते. मानेच्या गाठी सुजून मान बैलाच्या मानेसारखी जाड दिसते. पडदा श्वासमार्गात उतरला तर रुग्ण गुदमरतो.

मात्र खरा घात त्याहून खोल असतो. घशात राहणारे जंतू एक विष तयार करतात आणि ते रक्तावाटे सर्वत्र पोहोचते. हृदयाचे स्नायू त्यामुळे दुबळे होतात. मज्जातंतूंवर परिणाम होऊन टाळू लुळी पडते, आवाज गेंगाणा होतो आणि प्यालेले पाणी नाकावाटे परत येते. घसा बरा होत आहे असे वाटत असतानाच हृदय बंद पडून मृत्यू आल्याची उदाहरणे त्या काळातील डॉक्टरांना परिचित होती.

राजवाडे आणि झोपड्या असा भेद या रोगाने कधी केला नाही. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांची कन्या राजकुमारी ॲलिस १८७८ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीत घटसर्पाने मरण पावल्या. आपल्या आजारी मुलांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला होता. त्यांची लहान मुलगी महिनाभरापूर्वीच दगावली होती. साम्राज्याच्या वैभवाला जे वाचविता आले नाही, ते वाचविण्याचे साधन तेव्हा कोणाजवळच नव्हते.

औषधाचा शोध आणि १८९४ हे वर्ष

फ्रेंच वैद्य ब्रेतोनो यांनी १८२० च्या दशकात या रोगाचे स्वतंत्र वर्णन करून त्याला नाव दिले. १८८३ मध्ये क्लेब्स यांनी घशातील पडद्यात जंतू पाहिला आणि १८८४ मध्ये लोफ्लर यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. १८८८ मध्ये पॅरिस येथे रू आणि येरसिन यांनी जंतूचे विष वेगळे केले. १८९० मध्ये बर्लिन येथे बेहरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी महत्त्वाचा शोध जाहीर केला. या विषाची सौम्य मात्रा दिलेल्या प्राण्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते आणि त्या प्राण्याची रक्तलस दुसऱ्याला वाचवू शकते, असे त्यांनी सिद्ध केले.

रू यांनी त्यासाठी घोड्यांचा वापर सुरू केला, कारण घोड्यापासून मोठ्या प्रमाणात लस मिळते. सप्टेंबर १८९४ मध्ये बुडापेस्ट येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी पॅरिसच्या बालरुग्णालयातील निष्कर्ष मांडले. घटसर्पाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावरून एक चतुर्थांशाच्या आसपास आले होते. या वृत्ताने युरोपात एकच खळबळ उडाली. लस तयार करण्यासाठी वर्गण्या जमू लागल्या. जर्मनीत त्याच वर्षी या लसीचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले होते.

त्या हिवाळ्यात हे औषध मात्र पाश्चात्त्य देशांतील मोजक्या शहरांपुरतेच पोहोचत होते. हिंदुस्थानात ते तयार होत नव्हते. बातमी तारेने काही तासांत समुद्र ओलांडत होती, परंतु औषधाला येथील रुग्णशय्येपर्यंत येण्यास वेळ लागणार होता.

कलकत्त्यातील अखेर

डिसेंबर १८९४ मध्ये चामराजेंद्र उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासात कलकत्त्याला पोहोचले. हे शहर तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होते. देशातील नामांकित डॉक्टर तेथे होते. त्याच वर्षी हाफकिन यांनी कलकत्त्याच्या वस्त्यांत पटकीविरुद्धच्या लसीचे प्रयोग केले होते. जंतुशास्त्राची नवी पहाट त्या शहरात दिसू लागली होती. तरीही महाराजांना घटसर्पाने गाठले, तेव्हा त्यांना वाचविता आले नाही. २८ डिसेंबर १८९४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

म्हैसूरपासून शेकडो कोस दूर, कालीघाट परिसरातील केवडातला स्मशानाजवळ त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथे त्यांच्या स्मृत्यर्थ दाक्षिणात्य शैलीचे स्मारक उभारण्यात आले. बंगालच्या भूमीवर ते आजही परके आणि तरीही परिचित वाटते.

म्हैसूरला हा आघात अनपेक्षित होता. ५० वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळालेला राजा १३ वर्षांतच गेला होता. युवराज कृष्णराज अवघ्या १० वर्षांचे होते. धाकटे नरसिंहराज सहा-सात वर्षांचे होते. राज्य पुन्हा परक्या प्रशासनाच्या हाती जाईल काय, ही शंका अनेकांच्या मनात आली असल्यास नवल नाही.

वाणी विलास आणि नवे बंगळुरू

तसे झाले नाही. युवराजांना फेब्रुवारी १८९५ मध्ये गादीवर बसविण्यात आले आणि महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी राजप्रतिनिधी म्हणून कारभार हाती घेतला. वैधव्य आले तेव्हा त्यांचे वय २८ च्या आसपास होते. शेषाद्री अय्यर आणि त्यांच्यानंतरच्या दिवाणांच्या साहाय्याने त्यांनी १९०२ पर्यंत राज्य सांभाळले.

त्यांच्या कारकिर्दीत आरोग्याचा प्रश्न पुनःपुन्हा समोर आला. १८९६ मध्ये अर्कावती नदीवरील हेसरघट्टा तलावातून बंगळुरूला नळाचे पाणी मिळू लागले. या योजनेला चामराजेंद्रांचेच नाव देण्यात आले. १८९८ मध्ये मुंबई-पुण्याहून पसरलेला प्लेग बंगळुरूत आला. दाट वस्तीच्या जुन्या पेठांत तो वणव्यासारखा फिरला. राज्याचे प्लेग आयुक्त म्हणून काम पाहणारे माधवराव हे कुंभकोणमच्या मराठी घराण्यातील होते. पुढे ते म्हैसूरचे आणि त्यानंतर बडोद्याचे दिवाण झाले. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराशी जडलेला मराठी संबंध अशा रीतीने प्लेगच्या इतिहासातही दिसतो.

या साथीतून शहराने एक धडा घेतला. जुन्या पेठांबाहेर मोकळ्या जागेवर दोन नव्या वसाहती आखण्यात आल्या. उत्तरेस मल्लेश्वरम आणि दक्षिणेस बसवनगुडी. रुंद रस्ते, घरांच्या मागे सफाईसाठी स्वतंत्र गल्ल्या, हवा-उजेड मिळेल अशी घरे आणि उद्याने ही या आखणीची वैशिष्ट्ये होती. आज बसवनगुडीतील झाडांच्या सावलीतून चालताना ही रचना साथीच्या भीतीतून जन्मली, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९०० मध्ये बंगळुरूचे व्हिक्टोरिया रुग्णालय सुरू झाले. त्याच्या शेजारी १९३५ मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी उभारलेल्या रुग्णालयाला महाराणींच्या स्मरणार्थ वाणी विलास हे नाव देण्यात आले.

संसर्गाने या घराण्याचा पिच्छा सोडला नाही. चामराजेंद्रांच्या कन्या कृष्णाजम्मण्णी क्षयाने गेल्या. त्यांच्या नावाने म्हैसूर येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. चामराजेंद्रांचे पुत्र चौथे कृष्णराज वाडियार १९०२ मध्ये सज्ञान होऊन राजे झाले. त्यांची कारकीर्द म्हैसूरचे सुवर्णयुग मानली जाते. त्या कारकिर्दीचा पाया पित्याने घातला आणि मातेने राखला. बंगळुरूच्या कब्बन पार्कला १९२७ मध्ये चामराजेंद्रांचे नाव अधिकृतपणे देण्यात आले.

धोका टळलेला नाही

घटसर्पावरील संशोधनासाठी बेहरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. १९२३ मध्ये फ्रान्सचे रामों यांनी विष निरुपद्रवी करून त्यापासून प्रतिबंधक लस तयार केली. त्यानंतर रोग होण्याआधीच त्याला रोखणे शक्य झाले. भारतात १९७८ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्रित लस देण्यात येत आहे. आज बालकाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती पंचगुणी लसीच्या रूपाने मिळते. त्यानंतर दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांच्या वयात वर्धक मात्रा दिल्या जातात. १० व्या आणि १६ व्या वर्षीही धनुर्वाताबरोबर घटसर्पाची मात्रा दिली जाते. या सर्व मात्रा सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.

तरीही हा रोग इतिहासजमा झालेला नाही. २०१६ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आणि २०१८ मध्ये दिल्लीत घटसर्पाने मुले दगावली. लस न घेतलेली किंवा मात्रा अर्धवट सोडलेली मुले त्याला सर्वाधिक बळी पडतात. दिल्लीतील त्या घटनेच्या वेळी प्रतिविष रक्तलसीच्या टंचाईचीही चर्चा झाली. लसीकरणाने रोग दुर्मीळ झाला की औषधाची मागणी घटते. मागणी घटली की उत्पादन कमी होते. मग एखाद्या रुग्णाला त्याची तातडीने गरज पडते, तेव्हा ते जवळ नसते. १८९४ मधील कलकत्त्याची परिस्थिती वेगळ्या कारणाने पुन्हा उभी राहू शकते, ती अशी.

बालपणी मिळालेले संरक्षण काळानुसार क्षीण होते, म्हणून मोठ्या वयातही हा रोग होऊ शकतो. घसादुखीबरोबर टॉन्सिल किंवा टाळूवर करडा पडदा दिसला, मान सुजली, आवाज बदलला तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. पडदा ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रतिविष जितक्या लवकर दिले जाते, तितका त्याचा उपयोग अधिक होतो, कारण पेशींत शिरलेल्या विषावर त्याचा परिणाम होत नाही. प्रतिजैविके जंतूंचा नाश करतात आणि इतरांना होणारा संसर्ग थांबवितात. रुग्णाच्या निकट संपर्कातील व्यक्तींनाही औषध आणि लस द्यावी लागते.

एका राज्याच्या राजाला जे १८९४ मध्ये मिळू शकले नाही, ते आज बसवनगुडीतील किंवा महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यातील बालकाला आरोग्य केंद्रात उपलब्ध आहे. चामराजेंद्रांच्या अकाली मृत्यूने म्हैसूरच्या एका तरुण मातेवर राज्याचा भार आला आणि तिने तो समर्थपणे पेलला. मात्र ज्या घरांत तशी सोय नसते, तेथे एका व्यक्तीचे जाणे हे संपूर्ण कुटुंबाचे कोसळणे असते. लसीच्या ठरलेल्या मात्रा वेळेवर पूर्ण करणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.